फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा

येमुल अण्णा गुडघा दाखवायला डॉक्टरांकडे गेले तेव्हा मी बरोबर होतो. काय होतंय, असं डॉक्टरांनी विचारलं. अण्णा म्हणाले, "गुडघा. डावा. सकाळी." डॉक्टर पेन उचलून उरलेल्या वाक्याची वाट बघत बसले. अण्णा डॉक्टरांची वाट बघत बसले. बाहेर पेशंट खोळंबले होते आणि आत हे दोघं एकमेकांकडे टक लावून. शेवटी मी अण्णांना कोपरानं ढोसलं, तेव्हा त्यांच्या ध्यानात आलं की आपलं बोलून झालंय हे समोरच्याला कळलेलं नाही. मग ते म्हणाले, "ओव्हर."

अण्णा म्हणजे व्यंकटेश येमुल, आमच्या हौशी रेडिओ क्लबचे अध्यक्ष. वय सत्तरीच्या पुढं, अंगकाठी अँटेनासारखी, आयुष्य गिरणीत वायरमन म्हणून गेलेलं. सोलापूरच्या पूर्व भागात, जिथं घरात तेलुगू आणि उंबऱ्याबाहेर मराठी बोलतात, तिथं त्यांचं घर आहे. ते ओळखायला पत्ता लागत नाही. गच्चीवर एवढ्या तारा ताणलेल्या आहेत की शेजारच्या बायका उन्हाळ्यात त्यांच्यावर चादरी वाळत घालतात, आणि अण्णा चादरी निघेपर्यंत ऑस्ट्रेलियाशी बोलणं थांबवतात.

हौशी रेडिओचा धंदा नवख्याला सांगावा लागतो. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि स्वतःच्या वायरलेस सेटवरून आपल्यासारख्याच दुसऱ्या परवानेवाल्यांशी बोलायचं. पैसा मिळत नाही, उलट जातो. ह्या खेळाचा एकच कडक नियम, एकानं बटण दाबलं की बाकीच्यांनी ऐकायचं. त्याचं बटण सुटेपर्यंत दुसऱ्याला वाव नाही. म्हणून कामापुरतं बोलावं आणि बाजूला सरकावं. अण्णांच्या भाषेत, "फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवा."

वायरलेसवर हे ठीक आहे. अण्णा हे भाजीवालीला सांगतात. रिक्षावाल्याला सांगतात. पुतण्याच्या लग्नात मंगलाष्टकं लांबली तेव्हा त्यांनी भटजींना सांगितलं. त्यांच्या पत्नी पद्माक्का हयात असताना म्हणायच्या, "ह्यांच्या हातात असतं तर सप्तपदी पण तीन पावलांत उरकली असती." अक्का स्वतः धबधबा होत्या. आम्ही घरी गेलो की चहापासून भिवंडीच्या लेकीच्या सासूपर्यंत सगळं त्या सांगणार, आणि अण्णा कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून मान डोलावणार. ती मान अक्कांसाठी डोलतेय की जपानसाठी, हे कधी कळलं नाही. अक्का गेल्या त्याला आता काही वर्षं झाली. अण्णा एकटेच असतात. लेक चल म्हणते, तर म्हणतात, "अँटेना?" एवढंच.

लांब नावं घेण्यात वेळ जातो म्हणून आम्हाला त्यांनी तोकडी नावं पाडली आहेत. मी बिराजदार, बँकेत कारकून, म्हणून मी 'बँक'. सात रस्त्याला पठाणचाचांचं बॅटरीचं दुकान आहे, ते 'बॅटरी'. क्लबचे सेक्रेटरी दातांचे डॉक्टर आहेत, सुटाबुटात असतात, मोठ्या मोठ्या लोकांत ऊठबस असते. अण्णा त्यांना चारचौघांत 'दात' म्हणतात.

मी ह्या मंडळींत शिरलो तो निव्वळ येडेपणा. रेडिओ क्लबची बैठक आहे असं ऐकलं आणि मला वाटलं जुनी गाणी लावत असतील. चांगली फर्माइशीची यादी करून गेलो. तिथं एक म्हातारा टेबलावर कट्ट-कडकट्ट करतोय आणि पाचसहा माणसं डोळे मिटून माना हलवताहेत. मीही तासभर हलवली. म्हटलं, तबल्याची सुरुवात असेल; ती तारेची मोर्स लिपी होती हे मागाहून कळलं. मग धीर करून शेजारच्या पठाणचाचांना विचारलं, गाणं कधी चालू होतं. चाचांनी ते अण्णांना मोठ्यानं सांगितलं, सगळे हसले, अण्णा मात्र हसले नाहीत. मला म्हणाले, "गाणं नाही. इथं माणूस ऐकायचा." आणि माझ्या हातात हेडफोन दिला. त्यात खरखरीच्या पलीकडून कुणीतरी लांबचा माणूस आपलं नाव परत परत सांगत होता. मला काय झालं कुणास ठाऊक, मी वर्गणी भरून आलो. बायकोनं त्यावर जे ऐकवलं ते अण्णांच्या नियमात बसण्यासारखं नव्हतं.

पुढं परीक्षा कशीबशी पास झालो आणि माझ्या हाती हँडसेट आला, तेव्हा क्लबला आपली चूक कळली. सायकलच्या शर्यतीला आम्ही स्वयंसेवक म्हणून उभे होतो. अक्कलकोट रस्त्याला पाण्याच्या टेबलाशी मला बसवलं होतं. काम एकच, पहिला सायकलवाला दिसला की कळवायचं. धुक्यातून सायकल आली, मी छाती फुगवून कळवलं, पहिला स्पर्धक भरधाव निघालाय. शेवटच्या टोकाला हार तयार झाला, ताशेवाले तयार झाले, आणि दोन्ही बाजूंना कॅन लटकवलेला एक दूधवाला फितीतून आरपार गेला. हार गळ्यात पडल्यावर तो बिचारा म्हणाला म्हणे, "मालक, दूध नासंल, सोडा की."

दातांचे डॉक्टर माझा परवाना चावून खायला निघाले होते. अण्णांनी हवेतून फक्त एवढं पाठवलं, "बँक. वर्णन अपुरं. कॅन सांगायचे." आणि दुसऱ्या दिवसापासून त्या दूधवाल्याकडून दूध लावलं. म्हणे, वेळेचा पक्का माणूस.

अण्णांची शब्दांची कंजुषी मला एकदाच फाटलेली दिसली. एका पावसाळ्यात नदीला पाणी चढलं, गावांचे फोन मेले, आणि आम्ही मामलेदारांच्या परवानगीनं पलीकडच्या गावांतले निरोप इकडच्या नातेवाइकांना पोचवत होतो. पलीकडची माणसं घाबरून पाल्हाळ लावायची. अण्णा ऐकून घ्यायचे आणि मला टिपायला सांगताना निम्मं छाटायचे. एका म्हातारीचा इकडच्या लेकासाठी निरोप आला, आम्ही शाळेत आहोत, सगळे ठीक, शेळ्या पण ठीक. आता मी शिकलो होतो. मी लिहिलं, सगळे ठीक. अण्णांनी कागद बघितला आणि म्हणाले, "शेळ्या राहू द्या." मी म्हटलं, अण्णा, 'सगळे'मध्ये शेळ्या आल्या की. ते म्हणाले, "त्या लेकाला शेळ्यांचं ऐकायचंय. घाला."

ह्या सगळ्यात अण्णांचं रोजचं, मोडायचं नाही असं काम म्हणजे सकाळची हजेरी. पहाटेचा चहा झाला की ते सेट लावतात आणि एकेकाला हाक मारतात. ज्यानं त्यानं 'हजर' म्हणायचं, अण्णा 'आवाज स्वच्छ, सरे' म्हणणार. सरे म्हणजे तेलुगूत बरं. संपलं. संकटाच्या दिवशी सेट चालायला हवा तर रोज चालवून बघायला हवा, हा त्यामागचा विचार. सुरुवातीला मी उत्साहानं हजर व्हायचो. एवढंच नाही, आज उप्पीट केलंय, मिरची जरा जास्त झालीय, हेही कळवायचो. अण्णा म्हणायचे, "बँक. खा. बोलू नका."

मग क्लबचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला आणि हजेरी आटत गेली. अंथरुणातून अंगठा पाठवता येत असताना उठून बटण कोण दाबणार. आठवड्यातून एकदा येणारे महिन्यातून एकदा येऊ लागले, मी तर सणासुदीलाच. अण्णांचा फोन साधा, बटणांचा, त्यात ग्रुप नाही. जानेवारीच्या आधीच्या बैठकीत दातांच्या डॉक्टरांनी विषय काढला. हजेरीला कुणी येत नाही, अण्णांना उगाच त्रास, गड्ड्याची जत्रा झाली की हजेरी बंद करू. कुणाकुणाला मान्य, हात वर करा. माझा हात सगळ्यांत आधी गेला. माझ्यातला झोपाळू माणूस माझ्यापेक्षा चपळ आहे. बाकीचे गेले. अण्णांनी चष्मा काढला, पुसला, घातला आणि हात वर केला. म्हणाले, "सरे." डॉक्टर बाहेर आल्यावर म्हणाले, बघा, त्यांनाही सुटल्यासारखंच झालं असेल. पठाणचाचा मान खाली घालून चपला शोधत राहिले, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं.

तर गड्डा. सिद्धेश्वराच्या जत्रेला सोलापुरात ही गर्दी होते, आणि संध्याकाळी एवढे फोन एका मैदानात जमतात की एकाचाही लागत नाही. तिथं आमचे हँडसेट कामाला येतात. हरवलेली पोरं शोधायची. मी फाटकापाशी, चाचा उंच पाळण्यापाशी, डॉक्टर चौकीपाशी, आणि मधल्या मंडपात अण्णा. सापडलेलं पोर मंडपात न्यायचं, अण्णा वर्णन सांगणार. त्यांच्या वर्णनाचे नियम ठरलेले. पायापासून सुरू करायचं, कारण गर्दीत आधी चपला जातात. आणि रडतंय हे सांगायचं नाही. "हरवलेलं पोर रडणारच. नवीन काय."

दिवे लागल्यावर चाचांना एक पाचेक वर्षांची मुलगी सापडली. ती त्यांनी मंडपात सोडली. अण्णांचा आवाज आला, "मुलगी. डाव्या पायात निळी चप्पल. उजवा मोकळा. लाल स्वेटर. नाव सांगत नाही. ओव्हर."

मग माझ्या सेटमधून अण्णाच बोलू लागले, पण मला आवाज ओळखू येईना. अण्णा वाक्यं बोलत होते. पूर्ण, क्रियापदासकट. "हे बघ, हे धर. दोन्ही हातांनी धर. थंडी वाजते का? थांब, चादर गुंडाळतो." आणि मागं एक बारीक हुंदका.

माझ्या डोक्यात उजेड पडायला वेळ लागला. अण्णांनी तिला खेळायला हँडसेट दिला होता आणि तिच्या मुठीत बटण दाबलं गेलं होतं. वर चादर, त्यामुळं बटण दाबलं की लागणारा लाल दिवा दिसत नसणार. आता अख्ख्या जत्रेत अण्णा ऐकू येत होते आणि अण्णांना कुणीच ऐकू येत नव्हतं. जन्मभर फ्रिक्वेन्सी मोकळी ठेवलेल्या माणसानं ती अडवून ठेवली होती.

नेमकी त्याच वेळी एक बाई गर्दी फाडत माझ्याकडे आली. पदर सुटलेला, हातात एक निळी चप्पल, लहानशी. माढ्याकडच्या कुठल्याशा गावाहून आले, म्हणाली. "चप्पल उचलाया वाकले ओ, अन् उठून बघती तर हात न्हाय हातात."

मी बटण दाबून ओरडलो. व्यर्थ. फोन लावला, लागला नाही. मग उरले पाय. माझ्या देहाला पळायची सवय नाही. तरी निघालो, पुढं पोट, मागं मी, मागं ती माऊली. म्हातारीच्या केसांचा एक गुलाबी पुडा माझ्या खांद्याला चिकटून बरोबर आला. हातातला सेट चालूच होता.

"ह्यात कोन ऱ्हातं?" सेटमधून मुलीनं विचारलं.

बाईनं माझ्या हातातून सेट ओढून घेतला आणि कानाला लावला. "माझी पोरगी हाय ती. बंद करू नगा, दादा." मला बंद करता आलं असतं तर प्रश्नच नव्हता.

"ह्यात? लई माणसं राहतात," अण्णा सांगत होते. "एक दात आहे. एक बॅटरी आहे. एक बँक आहे, ती जाड आहे."

मुलगी हसली. मी पळता पळता पोट आत घेतलं.

"बँक कशी बोलंल?"

"बोलते की. सकाळी मी हाक मारतो, बँक, बँक. बँक झोपलेली असते. मग मीच बोलतो." आणि अण्णांनी माझा आवाज काढला, धापेसकट. "बँक हजर. आज उप्पीट आहे." मुलगी खिदळली. "मग मी म्हणतो, आवाज स्वच्छ. सरे."

"अन् दाताचं?"

"दाताचं पण मीच."

"म्हंजी सगळ्यांचं तुमीच?"

"बॅटरी येतो कधी कधी."

पाळण्यापाशी चाचा उभे होते. सेट कानाला, डोळे जमिनीवर. मंडप त्यांच्यापासून चार ढांगांवर. हा माणूस केव्हाच जाऊन बटण सोडवू शकला असता. मला पळताना बघून म्हणाले, "आहिस्ता जाव रे. अण्णा बातां कररैं." मग माझ्यामागची बाई आणि तिच्या हातातली चप्पल बघितली आणि न बोलता आमच्यापुढं होऊन गर्दी हटवायला लागले.

"कशाला बोलता पन?" मुलगी विचारत होती.

"घर गप्प असतं, बंगारं, सोन्या. अक्का होती तेव्हा ती बोलायची. मला बोलायला लागायचंच नाही. आता कुणीतरी बोलायला पाहिजे की. आता ते पण बंद होणार. सगळ्यांनी हात वर केले."

"तुमी?"

"मी पण केला."

"का?"

"एकट्यानं खाली ठेवला तर दिसतो ना."

चौकीजवळून डॉक्टर येऊन मिळाले होते. टाय खांद्यावर गेलेला. त्यांच्याही हातात सेट होता आणि तोही तेच बोलत होता, त्यामुळं अण्णा चारी बाजूंनी ऐकू येत होते. कुणी कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हतं.

"माजं नाव बी घ्या की सकाळी," मुलगी म्हणाली.

"नाव सांगितलंस कुठं तू मला?"

"श्रावनी."

बाई आमच्या सगळ्यांच्या पुढं निघून गेली.

मंडपात अण्णा चटईवर मांडी घालून बसले होते आणि चादरीच्या गाठोड्यातून एक डोकं बाहेर आलेलं होतं. आईनं गाठोडं चादरीसकट उचललं. सेट चटईवर पडला, बटण सुटलं, सगळ्यांच्या हातांतले आवाज एकदम थांबले. मला वाटलं, आता हवेत गलका होणार. एवढा वेळ अडकलेले सगळे एकदम बोलतील, अण्णांना कळेल काय झालं ते, आणि हा माणूस आयुष्यात पुन्हा बटणाला हात लावणार नाही.

कुणी बोललं नाही. मैदानाच्या कानाकोपऱ्यातून एक शब्द आला नाही.

माय-लेकी चपलांसह गेल्या. चादर अण्णांनी परत घेतली नाही. सेट उचलून त्यांनी झटकला, कानाला लावला, आणि ती शांतता त्यांना विचित्र वाटली असावी. नेहमीच्या कोरड्या आवाजात त्यांनी पुकारलं, "सगळे स्टेशन. मुलगी पोचली. कुणी आहे का?"

मंडपाच्या दारात उभे असलेले चाचा पाठ वळवून सेटमध्ये म्हणाले, "बॅटरी हजर."

डॉक्टरांनी टाय जागेवर आणला. घसा साफ केला. "दात हजर," ते म्हणाले.

माझा सेट त्या बाईच्या हातातच गेला होता. मी अण्णांच्या समोर उभा होतो, खांद्यावर गुलाबी पुडा, अंगातून वाफ निघतेय. मी नुसत्या तोंडानं म्हणालो, "बँक हजर."

अण्णांनी चष्म्यावरून आम्हा तिघांकडे आळीपाळीनं बघितलं.

"इतका वेळ होता कुठं? एकाचा आवाज नाही."

"ऐकत होतो, अण्णा," मी म्हणालो.

"नुसतं ऐकायचं नाही," अण्णा म्हणाले. "मधे मधे ओ द्यायची."